रुग्णाने प्रॉम्प्टिंग करू नये

हृदयाचे ठोके म्हणजे गोंगाट, असं आमच्या विद्यापीठाने घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरचं स्पष्ट मत होतं.

मी अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मेडिकलच्या मुलांना रुग्ण तपासायला शिकवते. नाडी कशी धरायची, पोट कुठे दाबायचं, स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे समोरच्या माणसाशी बोलायचं कसं. महामारी आली, विद्यापीठाला कुलूप लागलं आणि हे सगळं घरून शिकवायचं असं ठरलं. पहिल्याच तासाला मी हृदयाच्या आवाजाची फाइल लावली. मुलांना काहीच ऐकू येईना. आयटीवाल्याने बराच वेळ खटपट करून कारण शोधलं. हे सॉफ्टवेअर मागचे नको ते आवाज आपोआप पुसून टाकतं: पंखा, मिक्सर, एसीची घरघर आणि हृदय. वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी मीच तोंडाने 'लब-डब, लब-डब' करून दाखवलं. झडप गळकी असेल तर 'लब-श्श्श-डब'. माझी नववीतली मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली होती. ती दारातच थबकली आणि म्हणाली, "मॉम, प्लीज टेल मी यू आर ऑन म्यूट."

पोट तपासणं तर याहून भारी. रुग्ण एका घरी, विद्यार्थी दुसऱ्या घरी, मी तिसऱ्या घरी. विद्यार्थ्याने हवेत हात धरून म्हणायचं, "आता मी उजवीकडे वरच्या बाजूला दाबतोय." मी म्हणायचं, "दाबलंस. मऊ आहे." "दुखतंय का?" "दुखत नाहीये." ज्याचं पोट, तो बिचारा स्क्रीनवरच्या तिसऱ्या चौकोनात गप्प बसून बघत असायचा. आणि हे सगळं करण्याआधी हातांना सॅनिटायझर चोळल्याचा अभिनय केला नाही, तर एक मार्क कापायचा. शंभर किलोमीटरवरून हवा दाबायची असली तरी हात स्वच्छ हवेत, असं लेखी आलं होतं.

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. अल ऐनमध्ये तर खरे उंट येता-जाता दिसतात. तरी तिचा अर्थ मला त्या वर्षीच कळला.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. घरचे मूळचे हैदराबादचे, पण ही जन्मापासून इथलीच. वडील रुवैसच्या रिफायनरीत. कॉलेज बंद झाल्यावर हॉस्टेलही रिकामं केलं, म्हणून ती घरी गेली होती. मुलगी हुशार. लेखी परीक्षेत कायम वर. पण समोर रुग्ण आला की हिची पाटी कोरी. हिवाळ्यातल्या परीक्षेत ती रुग्णासमोर बसली, स्वतःचं नाव सांगितलं, दोन प्रश्न विचारले आणि मग घंटा होईपर्यंत टेबलाकडे बघत राहिली. नापास. छातीत दुखणाऱ्या रुग्णाशी बोलून निदानापर्यंत जायचं, एवढी एकच परीक्षा तिची राहिली होती. जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यात गेली असती तर अख्खं वर्ष गेलं असतं, इंटर्नशिप गेली असती, आणि तिच्यानंतर रांगेत असलेल्या तीन भावंडांच्या शिक्षणाचं गणितही कोलमडलं असतं.

ती मला एकदा फोनवर म्हणाली, "मॅम, मुझे सब आता है. बस, मुंह से निकलता नहीं."

ही मुलगी पास व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. परीक्षा घेणाऱ्याला असं वाटू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी कुणाला शिकवलंय का, कोण जाणे.

आता या परीक्षेत रुग्ण खोटे असतात. आम्ही चार धडधाकट माणसं निवडतो, त्यांना एक संहिता देतो आणि सांगतो, तुमच्या छातीत दुखतंय, काल संध्याकाळपासून दुखतंय, डाव्या हातात कळ जाते. विद्यार्थी विचारेल तेवढंच सांगायचं. प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत, एक अक्षर जास्त नाही. आमचा छातीत दुखणारा नेहमीचा रुग्ण म्हणजे एक निवृत्त लेबनीज हिशेबनीस होता. काय सुरेख विव्हळायचा! पण विमानं पूर्ण बंद व्हायच्या आधी मिळालं त्या विमानाने तो गेला मायदेशी. दुष्काळात तेरावा महिना. आमच्या विभागप्रमुख बाई सुदानच्या, अतिशय मायाळू आणि अतिशय घाईतल्या. त्या म्हणाल्या, "हबीबती, साठीच्या पुढचा कोणीही चालेल. इंटरनेट चांगलं हवं. यल्ला, आज नाव पाठव."

साठीच्या पुढचा आणि इंटरनेट चांगलं असलेला माणूस माझ्या घरात हॉलमध्ये बसून हातातला रिमोट उलटसुलट करत होता.

माझे सासरे. बाबा. फेब्रुवारीत हवापालट म्हणून पुण्याहून आमच्याकडे आले आणि अडकले. आदल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या होत्या. त्यानंतर बाबा त्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. रडले नाहीत, चिडले नाहीत, फोटोला हार घालू दिला नाही. बाकी सगळ्यावर बोलायचे: इथल्या केळ्यांना चव नाही, लिफ्ट फार लवकर मिटते, टीव्हीवरचा बातम्या देणारा श्वास चुकीच्या जागी घेतो. सासूबाईंचा विषय निघाला की मात्र उठून खिडकीचा पडदा नीट करायचे.

आणि गोळी विसरायचे. त्यांची ब्लडप्रेशरची रोजची एक गोळी, जेवणानंतरची. मी डबीत काढून ठेवायचे, ती तशीच राहायची. विचारलं तर "घेतली." नवऱ्याने त्यांच्या फोनवर गजर लावून दिला. बाबांनी तो बंद केला. "घंटा पडदा उघडायला असते," म्हणाले. "वाक्य आठवून द्यायला माणूस लागतो."

हे वाक्य समजायला बाबांचं आयुष्य माहीत हवं. ते बँकेत होते आणि बँकेच्या हौशी नाट्यसंघात होते. दरवर्षी स्पर्धेत नाटक. कुणी नायक, कुणी खलनायक, कुणी दिग्दर्शक म्हणून सगळ्यांना शिव्या देणारा. बाबा प्रॉम्प्टर. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, हातात पानं आणि छोटी बॅटरी घेऊन, अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं. स्टेजवर पाऊल नाही, टाळी नाही, जाहिरातीत नाव नाही. पण त्यांचा श्वासातला आवाज म्हणे असा होता, की नटाला बरोबर पोचायचा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. प्रॉम्प्टिंग पहिल्या रांगेत ऐकू गेलं, की प्रॉम्प्टरने राजीनामा द्यावा, असं ते म्हणत. अशा माणसाला घरी मात्र सासूबाईंचं प्रॉम्प्टिंग लागे. चष्मा, किल्ली, छत्री, गोळी. त्या स्वयंपाकघरातून एकेक शब्द सोडायच्या आणि हे बिनबोभाट तसं करायचे.

मी त्यांना रुग्णाच्या भूमिकेबद्दल विचारलं. रिमोट खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मुख्य भूमिका?" त्यांनी विचारलं.

"बाबा, दोनच पात्रं आहेत."

"म्हणजे मुख्यच."

दुसऱ्या दिवसापासून घरात नाटक बसायला लागलं. आधी वाचन, मग उभी तालीम, मग रंगीत तालीम, याशिवाय प्रयोग करणार नाही म्हणाले. रुग्ण खुर्चीत बसूनच असतो, त्याची उभी तालीम कशी करायची हे मला कळेना, पण केली. स्वयंपाकघराला लागून आमच्याकडे मेडची खोली आहे, बिनखिडकीची, एरवी त्यात बॅगा आणि इस्त्रीचं टेबल असतं. तिथे पांढरी चादर टांगून वॉर्ड तयार झाला. बेडरूममध्ये नवऱ्याचं ऑफिस, हॉलमध्ये मुलीची शाळा, ओट्यावर माझं विद्यापीठ आणि मेडच्या खोलीत हॉस्पिटल. मुलगी तांत्रिक बाजू सांभाळत होती. "आजोबा, आय कॅन ओन्ली सी युवर फोरहेड." आजोबा म्हणायचे, "प्रकाशयोजना बघ आधी."

संहिता त्यांनी दोन दिवसांत पाठ केली. त्यात रुग्णाची वाक्यं होती. त्यांनी डॉक्टरचीही पाठ केली. मागच्या पानावर परीक्षकांसाठी प्रश्नांची यादी होती, कुठला प्रश्न विचारला की किती मार्क, तीही पाठ केली. मी म्हटलं, बाबा, एवढं नको. ते म्हणाले, "अख्खं नाटक पाठ असल्याशिवाय मी बसत नाही." मला कौतुक वाटलं. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

परीक्षेच्या आठवडाभर आधी सराव ठेवला. सहा विद्यार्थी एकापाठोपाठ बाबांशी बोलणार होते. रुवैसची मुलगी त्यात नव्हती, तिचं नेट त्या दिवशी गेलं होतं. मी वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांमध्ये फेऱ्या मारत होते, त्यामुळे बाबांचा एकही प्रवेश नीट पाहिला नाही. निकाल आला तर सहाच्या सहा जणांना पैकीच्या पैकी. त्यातला एक असा होता, की त्याने स्वतःच्या वाढदिवशीही प्रश्न विचारला नसता. विभागप्रमुख बाई खूश. "बघ, ऑनलाइन शिकवण्याचा परिणाम!"

मला राहवलं नाही. मी रेकॉर्डिंग लावलं. पहिला विद्यार्थी विचारतो, कुठे दुखतं, कधीपासून, मग अडतो. शांतता. आणि मग अगदी हलक्या, श्वासातल्या आवाजात रुग्ण म्हणतो, "आस्क अबाउट स्वेटिंग."

विद्यार्थी दचकून मागे बघतो. मागे त्याची भिंत. पुन्हा स्क्रीनकडे बघतो. बाबा छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, वेदनेत मग्न. विद्यार्थी म्हणतो, "तुम्हाला घाम आला होता का?" बाबा डोळे उघडून म्हणतात, "हो डॉक्टर! बरं विचारलंत!"

सहाही रेकॉर्डिंगमध्ये हेच. एका मुलीला तर त्यांनी निदानही पुरवलं होतं, आणि ते चुकीचं उच्चारल्यावर पुन्हा पुरवलं. हृदयाचे ठोके पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने बाबांची कुजबुज मात्र अलगद जपली होती.

मी मेडच्या खोलीत गेले. "बाबा, तुम्ही रुग्ण आहात."

"आहेच की."

"रुग्ण डॉक्टरला प्रश्न सांगत नाही!"

"अगं, पोर अडकलं होतं."

"अडकू द्या. परीक्षा आहे ती."

ते खरोखर दुखावले. "अडकलेल्या माणसाकडे नुसतं बघत बसायचं? आणि याला तुम्ही डॉक्टरकी म्हणता?"

यावर उत्तर होतं, पण मला ते पटकन सुचेना, आणि सुचवायलाही कोणी नव्हतं. मग मी त्यांना रुवैसच्या मुलीबद्दल सांगितलं. ती अडकणार, नक्की अडकणार. तिला तुम्ही एक शब्द जरी पुरवलात आणि बाहेरच्या परीक्षकाने ऐकला, तर परीक्षा रद्द होईल आणि तिचं वर्ष जाईल. तुमच्या चांगुलपणाने जाईल. बाबांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि रंगदेवतेची शपथ घेतली.

पण जित्याची खोड. दुसरा रुग्ण शोधायला वेळ नव्हता, बाबांचं नाव मंजूर होऊन गेलं होतं, म्हणून आम्ही त्यांना न बोलण्याचा सराव द्यायला लागलो. जेवताना मुलगी अर्ध्यावर थांबायची. "आजोबा, पास मी द..."

"लोणचं!"

"दॅट्स अ फेल, आजोबा."

"अगं पण तू थांबलीस!"

"दॅट्स द होल पॉइंट!"

नवरा फोनवर ऑफिसशी बोलताना शब्द शोधायला थांबला, तरी हॉलमधून शब्द यायचा. वाण्याचा पोरगा इंटरकॉमवर पत्ता आठवत असताना यांनी मजला सांगून टाकला. मग तोंडात खडीसाखर ठेवायची युक्ती काढली. ती विरघळेपर्यंत माणूस गप्प. विरघळली, की पुन्हा लोणचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र मुलगी "आय वॉन्ट सम..." म्हणून थांबली आणि बाबा डोळे ताटात घालून, शब्द गिळून बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्यांना मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या असाव्यात. ते लाजले.

परीक्षेच्या दिवशी बाल्कनीत नारळ फोडला. सुपरमार्केटचा, सोललेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. बाहेर इतकं ऊन होतं की आतलं पाणी चहासारखं लागलं. बाबांनी चेहऱ्याला टाल्कम पावडर फासली होती. बाहेरचे परीक्षक कुठल्यातरी थंड देशात जाड स्वेटर घालून बसले होते. त्यांनी रुग्णाला पाहिलं आणि काळजीने विचारलं, "हे गृहस्थ एवढे पांढरे आहेत, हे संहितेत आहे का?" मी बाबांना तोंड धुवायला पाठवलं. मग तिसऱ्या घंटेशिवाय सुरू करणार नाही म्हणाले, म्हणून मुलीने वाटी-चमच्याने तीन घंटा दिल्या. थंड देशातल्या परीक्षकांनी हे काहीतरी धार्मिक असावं असं समजून मान लववली.

मी ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन बसले. माझं काम वेळ बघायचं आणि तपासणीत काय सापडलं ते सांगायचं. मार्क परीक्षक देणार. बाबा दाराच्या पलीकडे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं: आधी दारातून, मग क्षणभराने लॅपटॉपमधून.

रुवैसची मुलगी गाडीत बसली होती. घरात तीन भावंडांच्या तीन शाळा चालू, म्हणून गाडी बिल्डिंगखाली लावून त्यात परीक्षा. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि सवयीने लावलेला सीटबेल्ट. तिने हातांना हवेतलं सॅनिटायझर चोळलं. नाव सांगितलं. परीक्षा इंग्रजीतून होती, मी इथे मराठीत लिहिते.

"अंकल, काय होतंय तुम्हाला?"

"छातीत दुखतंय, डॉक्टर."

कुठे, कधीपासून, कळ कुठे जाते. सगळं नीट. घाम आला का, विचारलं. मग तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजले. हिवाळ्यातलंच पुन्हा. डोळे स्टिअरिंगवर. हाताची बोटं सीटबेल्ट धरून. गाडीच्या एसीचा आवाज सॉफ्टवेअरने पुसला होता, त्यामुळे शांतता अगदी ठार होती. पुढचा प्रश्न घरच्या कुणाला हृदयविकार आहे का, हा होता. मला माहीत होता, परीक्षकांना माहीत होता आणि बाबांना तर तोंडपाठ होता. बाबांच्या चौकोनात त्यांचा जबडा हलताना दिसला. खडीसाखर विरघळली होती. माझे ठोके लब-डब न राहता नुसते डब-डब पडत होते. मी मनात म्हटलं, बाबा, नको. तिचं वर्ष जाईल.

त्यांनी चादरीचं टोक मुठीत धरलं. ओठ उघडले, मिटले. आणि मग श्वासातल्या आवाजात नाही, चांगल्या खुल्या आवाजात म्हणाले, "सावकाश, डॉक्टर. मला कुठे जायचंय? विमानं बंद आहेत."

हे संहितेत नव्हतं. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या.

मुलगी हसली. अगदी थोडं, नाकातून. मग तिने सीटबेल्ट सोडला आणि मागे टेकली. ती आता यादी आठवत नव्हती, ते दिसत होतं. समोरच्या म्हाताऱ्याकडे बघत होती. आईवडिलांना काय आजार होते, सिगारेट ओढता का, जिना चढताना दम लागतो का, सगळे प्रश्न आले, उलटसुलट क्रमाने, पण आले. मग औषधांचा. बाबांनी संहितेतलं वाक्य म्हटलं, "ब्लडप्रेशरची एक गोळी. रोज नियमित घेतो."

इथे पुढच्या प्रश्नावर जायचं असतं. ती गेली नाही.

"रोज आठवतं? कोण आठवण करून देतं, अंकल?"

हा प्रश्न यादीत नव्हता. त्याला उत्तरही नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

तीस वर्षं विंगेत बसून कधी वाक्य न चुकलेला माणूस अडकला होता. मला दारातून काही ऐकू येत नव्हतं आणि लॅपटॉपमधूनही नाही. माझा हात दाराच्या मुठीकडे गेला. पण जाऊन सांगणार काय होते?

मुलगी थांबली. तिने घाई केली नाही, दुसरा प्रश्न काढला नाही, घड्याळ पाहिलं नाही. गेल्या खेपेला याच शांततेत बुडालेली पोर आता तिच्यात आरामात बसून होती.

"सावकाश, अंकल," ती म्हणाली. "मलाही कुठे जायचं नाहीये."

"आता कुणी नाही," बाबा म्हणाले.

मला ते दोनदा ऐकू आलं.

"आधी होती," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातून सांगायची. एवढंच, गोळी. आता नाही घेत मी रोज. खोटं बोललो, डॉक्टर."

तेवढ्यात वेळ संपली. माझ्या मुलीने वाटीवर चमचा मारला आणि मी वळून पाहिलं तर चमचा तसाच हातात धरून ती रडत होती.

मार्क देण्याआधी आमची ऑनलाइन बैठक झाली. विषय एकच: "विमानं बंद आहेत" हे प्रॉम्प्टिंग आहे का? विभागप्रमुख बाई म्हणाल्या, बातम्यांमध्ये रोज सांगतात, त्यात काय गुपित? पण परीक्षकांनी यादी वाचली आणि स्वेटरची बाही वर सारली. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला नुकताच लांबचा विमानप्रवास झालाय का, हे विचारायचं असतं, कारण बसून बसून पायात रक्ताची गुठळी होते. त्याला मार्क होता. विमानं बंद आहेत असं रुग्णाने आपणहून सांगितल्यामुळे तो प्रश्न विचारायची संधीच विद्यार्थिनीला उरली नाही. उलट उत्तर मात्र फुकट मिळालं. तीन शिकलेली माणसं बराच वेळ यावर गंभीरपणे बोलली. मी विचारलं, जगात कुणीच उडत नसताना हा प्रश्न अजून यादीत का आहे? यादी बदलायला समितीची मंजुरी लागते आणि समितीतले अर्धे लोक विमानं नसल्यामुळे वेगवेगळ्या देशांत अडकलेत, असं उत्तर मिळालं. शेवटी तो मार्क कापला.

तरीही मुलगी पास झाली. मी खुर्चीत मागे टेकले आणि ओट्यावरच्या टोपात कोपर घातलं.

औषधांबद्दलच्या तिच्या त्या प्रश्नाला मार्क नव्हताच, तसा रकानाच नव्हता. परीक्षक जाताना एवढंच म्हणाले, "तो शेवटचा भाग, ती शांतता. असा संयत अभिनय मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. हा नट तुम्हाला कुठे मिळाला?"

"घरचेच आहेत," मी म्हणाले.

बाबा मेडच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाला टेकून बसले होते. मी सांगितलं, ती पास झाली. त्यांनी डोळे मिटले. मग मी परीक्षकांनी केलेलं कौतुक सांगितलं. ते म्हणाले, "अभिनय कसला? वाक्यच नव्हतं माझ्याकडे. आणि पुरवायलाही कुणी नव्हतं." आणि मग ते रडले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा, पाठीमागे टांगलेल्या त्या पांढऱ्या चादरीने डोळे पुसत. मी त्यांच्या शेजारी बॅगेवर बसून राहिले. मलाही कुठे जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. बाबा हॉलमध्ये जाऊन बसले, टीव्हीतल्या बातमीदाराचे श्वास मोजत. डबीतली गोळी ओट्यावर तशीच होती. हाक मारून सांगावं असं मनात आलं. मग मी तसं केलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले, पदराशी चाळा केला, आणि जमेल तितक्या श्वासातल्या आवाजात एकच शब्द सोडला.

"गोळी."

टीव्हीचा आवाज कमी झाला. मग ते उठून आले, डबी उघडली, पाण्याचा ग्लास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू. पहिल्या रांगेत ऐकू गेलं."